रोपे किती आणि वेगळी किती: ठाण्याच्या रानातील आमरींविषयी

गेल्या काही वर्षांत ठाण्यात रानआमरींविषयी, म्हणजे रानातील ऑर्किडविषयी, आस्था असणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली आहे. पावसाळ्यात मोडून पडलेल्या फांद्यांवरच्या आमरी उचलून जवळच्याच दुसऱ्या झाडावर काथ्याने बांधणे, कोणत्या झाडावर कोणती जाती केव्हा फुलली याची नोंद ठेवणे, सोसायटीच्या आवारातील जुन्या आंब्यावरची आमरी बांडगूळ समजून कुणी खरवडू लागले तर त्याला थांबवणे, ही कामे आता पुष्कळ जण मनापासून करतात. या कामाचा हिशेब मात्र बहुतेक वेळा एकाच आकड्यात मांडला जातो आणि तो आकडा असतो वाचवलेल्या रोपांचा. उमेदीची वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे मला त्या आकड्यासोबत दुसरा एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही: या रोपांपैकी परस्परांहून खरोखर वेगळी किती?

या प्रश्नाचा अर्थ कळण्यासाठी नर्व्हिलियाचे उदाहरण घ्यावे. आपल्याकडच्या पानझडी रानांत पावसाळ्याच्या तोंडावर ही भूआमरी जमिनीतून केवळ फुलाचा दांडा वर काढते. फूल सुकल्यानंतर, पाऊस चांगला लागला की, त्याच कंदातून एकच गोलसर, चुण्या पडलेले पान उगवते. पायवाटेच्या कडेला अशी पाने दाटीने पसरलेली दिसली की पाहणारा साहजिकच तितक्या झाडांची नोंद करतो. परंतु नर्व्हिलियाचा कंद जमिनीखालून धागे सोडतो, धाग्याच्या टोकाशी नवा कंद धरतो आणि पुढच्या वर्षी त्या कंदाचे स्वतंत्र पान वर येते. असे वर्षानुवर्षे चालले की एका बीजापासून झालेली एकच वनस्पती वाटेच्या दोन्ही बाजूंना पसरते. नोंदवहीत शंभर पाने लिहिली गेली, तरी वंशाच्या दृष्टीने ती एकच असू शकते, आणि तिला न झेपणारी एखादी कीड किंवा बुरशी आली तर शंभरही एकदम जाऊ शकतात.

जनुकीय विविधता म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगतो. एखाद्या जातीतील सर्व झाडांमध्ये जनुके साधारण तीच असतात, परंतु एकाच जनुकाची पर्यायी रूपे झाडागणिक वेगळी असू शकतात. कुणाचे पान उन्हाळा जरा अधिक सोसते, कुणी आठवडाभर आधी फुलते, कुणाच्या फुलाला गंध जास्त असतो. ही पर्यायी रूपे एखाद्या समूहात जितकी अधिक आणि जितकी विखुरलेली, तितका तो समूह बदलत्या परिस्थितीला तोंड देण्यास समर्थ असतो. समूह लहान झाला की यांतील काही रूपे निव्वळ योगायोगाने गळतात, कारण ती बाळगणारे एखादे झाड त्या वर्षी बीज धरू शकले नाही किंवा फांदीसकट खाली आले. या घटीला जनुकीय विचलन म्हणतात. त्यात चांगले-वाईट असा निवाडा नसतो. उपयोगाचे रूपही निरुपयोगी रूपासारखेच सहज नाहीसे होते. एकदा गेलेले रूप त्या समूहात परत येण्यास बाहेरून पराग किंवा बीज तरी यावे लागते, नाही तर नव्या उत्परिवर्तनासाठी, म्हणजे जनुकात आपोआप होणाऱ्या बदलासाठी, अतिशय दीर्घ काळ थांबावे लागते.

आता आमरींचे वैशिष्ट्य असे की त्यांच्या फुलाची घडणच जनुकांच्या देवाणघेवाणीला एक वेगळे वळण देते. सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा, आपल्याकडे साधारण मे-जूनमध्ये फुलते. तिचे एक फूल भिंगाखाली धरून पाहावे. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके असतात, ओठाची पाकळी गडद असते आणि मधोमध एक आखूड स्तंभ असतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसर या स्तंभात एकजीव झालेले असतात. कुंडीतल्या रोपाच्या फुलात टोकदार पेन्सिल हलकेच घालून वर उचलली की स्तंभाच्या टोकावरची इवलीशी टोपी गळून पडते आणि पेन्सिलीच्या टोकाला एक चिकट टिकली, तिच्यावर पातळ पट्टीसारखा देठ आणि देठाच्या शेंड्याला मेणासारखे पिवळे गोळे असा सगळा संच बाहेर येतो. हे परागपिंड होत. मोहरीच्या किंवा सूर्यफुलाच्या फुलात पराग सुट्या कणांचा असतो आणि मधमाशीच्या अंगावर अनेक झाडांचे कण मिसळून जातात. वेणीच्या फुलात मात्र संपूर्ण पराग एका गठ्ठ्यात जातो. पोहोचला तर सगळा एकाच ठिकाणी पोहोचतो, चुकला तर सगळाच वाया जातो.

याचा परिणाम पुढच्या पिढीवर थेट होतो. परागपिंड दुसऱ्या फुलाच्या कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या पराग धरणाऱ्या भागाला, चिकटला की त्यातील हजारो परागकणांपासून नलिका निघून त्या बीजांडांपर्यंत जातात. आमरींमध्ये बीजांडांची पूर्ण वाढसुद्धा परागीभवन झाल्यानंतरच होते, म्हणून फूल सुकल्यावर बोंड पिकायला कित्येक महिने लागतात. पिकलेले बोंड उकलले की आतून फुंकरीने उडेल अशी पिवळसर पूड निघते आणि त्या पुडीचा प्रत्येक कण हे एक बीज असते. एका बोंडात जातीनुसार काही हजारांपासून दहा लाखांहूनही अधिक बिया असू शकतात. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली युरोपातील ठिपकेदार पानांच्या एका आमरीच्या बिया मोजून एका झाडावर सुमारे १,८६,००० बिया होतात असे दाखवले होते. त्या सगळ्या रुजल्या तर तिची पणतवंडे पृथ्वीची बहुतेक जमीन झाकून टाकतील, असा त्यांचा हिशेब होता. पण ज्या बोंडाला एकाच परागपिंड-संचातून पराग मिळाला, त्या बोंडातील सर्व बियांची आई एक आणि बापही एक असतो. ती सख्खी भावंडे असतात.

सर्वच आमरींना हे सारखे लागू पडत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या गवताळ उतारांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या हॅबेनारिया गटातील आमरींचा परागपिंड अखंड मेणचट गोळ्याचा नसून लहान लहान कणसमूहांचा जोडलेला असतो. पतंगाच्या डोक्याला किंवा सोंडेला चिकटलेल्या अशा पिंडातून एकेका फुलावर थोडाथोडा भाग सुटत जातो. त्यामुळे एका पिंडाचा पराग अनेक फुलांना पोहोचतो आणि एका फुलाला अनेक बापांचा पराग मिळण्याचीही शक्यता राहते. हॅबेनारियाचे बोंड आणि वेणीचे बोंड यांच्याकडे जनुकीय दृष्टीने एकाच नजरेने पाहता येत नाही, ते यामुळे.

पराग गठ्ठ्याने जात असला, तरी बीज वाऱ्यावर जाते आणि खूप दूर जाऊ शकते. इंडोनेशियातील क्राकाटोआ बेटाच्या १८८३ सालच्या ज्वालामुखी उद्रेकाने तेथील वनस्पतिजीवन पुसून गेले, पण जावा आणि सुमात्रा बेटांपासून सुमारे ४० किलोमीटर समुद्र ओलांडून आलेल्या आमरी दीड दशकाच्या आत त्या राखेवर नोंदल्या गेल्या. बियांच्या या हलकेपणामुळेच आमरींच्या अनेक जातींमध्ये दोन ठिकाणच्या समूहांतील जनुकीय फरक, इतर कित्येक मऊ खोडाच्या, शाकीय वनस्पतींच्या तुलनेने, कमी आढळतो. मात्र या निष्कर्षाचा अर्थ ‘कुठलेही रोप कुठेही लावले तरी चालते’ असा काढणे मला धोक्याचे वाटते. दूर जाऊ शकणाऱ्या बिया थोड्या असतात; बहुतेक बिया आईपासून काही मीटरांच्या आतच पडतात, आणि म्हणून एका झाडाच्या खोडावर शेजारी शेजारी वाढणारी रोपे बरेचदा निकटच्या नात्यातली असतात. शिवाय समूहांमधील फरक कमी असणे आणि प्रत्येक समूहाच्या पोटात विविधता भरपूर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बीज पडले म्हणजे रुजले असेही नाही. आमरीच्या बीजात भ्रूणपोष नसतो, म्हणजे भाताच्या किंवा मक्याच्या दाण्यात रोपासाठी साठवलेली जी शिदोरी असते ती त्यात नसते. योग्य बुरशीने बीजात शिरकाव करून त्याला अन्न पुरवले तरच ते रुजते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांना १८९९ साली हे उमगले. पुढे १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या आगरवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, बुरशीच्या मदतीवाचून आमरीचे बीज रुजवून दाखवले. प्रयोगशाळेतील बाटलीत आज जी हजारो रोपे एकदम तयार होतात ती याच शोधाच्या आधारे. रानात मात्र ती चाळणी कायम आहे: लाखो बियांपैकी एखादीच अशा सालीवर पडते की जिथे ओल, सावली आणि नेमकी बुरशी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात.

या सगळ्याचा मिळून जो परिणाम होतो, तो मला संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. समजा, रानाच्या एका तुकड्यात वेणीची पाचशे फुलणारी रोपे आहेत. यांतील बहुतेक फुलोरे एकही बोंड न धरता सुकून जातात, कारण आमरींमध्ये, आणि विशेषतः मध न देणाऱ्या जातींमध्ये, फळधारणा मुळातच कमी असते. ज्या मोजक्या रोपांना बोंडे धरतात, त्यांतीलही फारच थोड्यांच्या बिया रुजतात. म्हणजे पुढची पिढी पाचशे आईबापांची नसून कदाचित वीस-पंचवीस आईबापांचीच असते. समूहांच्या जनुकशास्त्रात याला प्रभावी समूहसंख्या म्हणतात आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या संख्येपेक्षा कितीतरी लहान असू शकते. प्वेर्तो रिकोतील लेपँथिस या चिमुकल्या आमरींवर झालेल्या दीर्घ अभ्यासांत हेच दिसले: फार थोडी रोपे पुनरुत्पादनात यशस्वी होतात आणि त्यामुळे लहान समूहांवर जनुकीय विचलनाचा पगडा बसतो. संख्या टिकून आहे, झाडे टवटवीत आहेत, फुलेही येत आहेत, आणि तरीही आतून वेगळेपण झिजत आहे, अशी ही स्थिती असते. नुसत्या मोजणीने ती कळत नाही.

मध न देणाऱ्या जातींचा उल्लेख आला, तर त्याविषयी अधिक लिहिले पाहिजे, कारण आमरींच्या सुमारे एक तृतीयांश जाती कीटकाला मोबदला न देता फसवून त्याच्याकडून पराग वाहून घेतात असे मानले जाते. वरवर पाहता हा व्यवहार तोट्याचा वाटतो, परंतु जनुकांच्या दृष्टीने त्यात लाभ आहे. मध मिळाला असता तर मधमाशी त्याच फुलोऱ्यावर एकामागून एक फुले धुंडाळत राहिली असती आणि एका फुलाचा पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाला लागला असता. फसगत झालेली माशी तेथून लवकर निघते आणि दूर जाते, त्यामुळे परागही दुसऱ्या झाडाला मिळतो. फळे कमी धरतात, पण जी धरतात ती परक्या परागाची असण्याची शक्यता वाढते.

युरोपातील डॅक्टिलोऱ्हायझा सांबुसिना या आमरीत याचे अतिशय सुंदर उदाहरण आहे. एकाच कुरणात तिची काही झाडे पिवळी तर काही जांभळट लाल फुलतात आणि दोन्ही रंग पिढ्यानपिढ्या टिकून राहतात. कुणातच मध नसतो. नवखी भुंगामाशी प्रथम एखाद्या रंगाच्या फुलावर उतरते, हाती काही न लागल्याने दुसऱ्या रंगाकडे वळते, तेथेही निराश होऊन पुन्हा पहिल्याकडे येते. या अदलाबदलीत जो रंग कुरणात कमी असतो त्याच्या एकेका झाडाला तुलनेने अधिक भेटी मिळतात, म्हणून त्याची संख्या वाढते. तो जास्त झाला की फायदा आपोआप दुसऱ्या रंगाकडे जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही रंगांचे प्रमाण मुद्दाम बदलून हे पडताळले गेले आणि दुर्मीळ रंगाला खरोखरच अधिक यश मिळाले. वेगळेपण केवळ योगायोगाने उरते असे नव्हे, काही वेळा निसर्गाचा व्यवहारच ते राखत असतो, हे या अभ्यासातून स्पष्ट होते.

हे वाचल्यापासून मी आपल्याकडच्या वांडा टेसेलाटाकडे अधिक बारकाईने पाहू लागलो. जिच्या मुळांचा रास्ना म्हणून औषधात उपयोग होतो ती ही आमरी. तिच्या पाकळ्या कुठे हिरवट पिवळ्या तर कुठे चांगल्याच तपकिरी असतात, त्यांवरची जाळी कधी ठळक तर कधी फिकी असते आणि ओठाचा रंग निळसर जांभळ्यापासून गुलाबीपर्यंत बदलतो. या रंगभेदामागेही युरोपातील त्या कुरणासारखेच कारण आहे असा दावा मी करणार नाही. पण आमरी वाचवणारे लोक, आणि तोडून विकणारेही, आधी उठून दिसणाऱ्या रंगाची रोपे उचलतात हे मी पाहिलेले आहे. फिक्या, बारक्या फुलाचे रोप फांदीसोबत कचऱ्याच्या गाडीत जाते. असे वारंवार होत राहिले तर निवड आपण करत असतो, आणि ती निवड कीटकांच्या नव्हे तर आपल्या आवडीने होते.

वेगळेपण पूर्णपणे संपले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोतील आमरी. रेयुनियाँ बेटावर १८४१ साली एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने तिच्या फुलांचे हाताने परागीभवन करण्याची सोपी रीत शोधली आणि तिची लागवड जगभर पसरली. लागवड मात्र फाट्यांपासून, म्हणजे वेलीच्या तुकड्यांपासून, होते. परिणामी मेक्सिकोबाहेरची व्हॅनिलाची शेती फारच थोड्या मूळ वेलींच्या प्रतींवर उभी आहे आणि मूळ-खोड कुजवणारी फ्युझेरियम बुरशी आली की एका मळ्यातील वेलींपाठोपाठ शेजारचे मळेही बाधतात, कारण प्रतिकार करणारी वेगळी वेल त्यांच्यात क्वचितच असते.

ब्रिटनमधील लेडीज स्लिपर आमरीची हकीकत तर याहून बोलकी आहे. हौशी संग्राहकांनी उपटून नेल्यामुळे ती तेथील रानांतून नाहीशी झाली असे समजले जात होते, पण १९३० साली यॉर्कशायरमध्ये तिचे एक झाड सापडले. त्या ठिकाणाची गुप्तता अनेक दशके पाळली गेली आणि झाडावर पहारा ठेवला गेला. पुढे क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या मदतीने बियांपासून रोपे वाढवून ती रानात परत लावण्याचे काम सुरू झाले. एकाच झाडाच्या स्वपरागीभवनातून हजारो रोपे तयार करता आली असती, परंतु तशी संतती दुबळी निघण्याचा धोका असतो, म्हणून बागांमध्ये टिकून राहिलेल्या रोपांचाही आधार घेण्यात आला. एका झाडावरून एक जाती पुन्हा उभी करणे किती कष्टाचे असते, हे त्या लोकांना पुरते ठाऊक आहे. आपल्याकडे ती वेळ येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आता आपल्या परिसराकडे येतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ सालच्या गणनेनुसार भारतात आमरींच्या १,२५६ जाती असून त्यांतील ३८८ जगात अन्यत्र कुठेही आढळत नाहीत. सह्याद्री हे या प्रदेशनिष्ठ जातींचे एक मोठे घर आहे. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडील भाग. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला पूर्वेस ठाणे आणि मुलुंड, पश्चिमेस बोरिवली आणि उत्तरेस घोडबंदर रस्ता व वसईची खाडी यांनी वेढले आहे. खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे रान आहे, ठाण्याच्या ईशान्येस शहापूरकडे माहुली आणि तानसा, तर ठाण्याची खाडी आणि सगळी नवी मुंबई ओलांडून दक्षिणेस पनवेलजवळ कर्नाळा. पूर्वी या रानांना जोडणाऱ्या आंब्या-जांभळांच्या, ऐनांच्या आणि वडांच्या ओळी होत्या. ऐनाची खरबरीत, भेगाळलेली साल झाडावरच्या आमरींना विशेष मानवते. या जुन्या झाडांवर रुजणाऱ्या वेणीमुळे दोन रानांमधील पराग आणि बीज टप्प्याटप्प्याने पुढे सरकू शकत असे. आज घोडबंदरच्या पट्ट्यात किंवा पारसिकच्या पायथ्याशी उभे राहिले की अशी टप्प्याची झाडे किती विरळ झाली आहेत ते सहज दिसते. बीज वाऱ्याने खाडी ओलांडेलही, पण पराग वाहणारी माशी कित्येक किलोमीटर काँक्रीट ओलांडून वेणीच शोधत जाईल अशी अपेक्षा करता येत नाही.

येऊरची वेणी तुंगारेश्वरच्या वेणीपासून जनुकीय दृष्ट्या दुरावली आहे का, हे पानाच्या तुकड्यावरून तपासता येते. पानाचा लहानसा तुकडा सिलिका जेलमध्ये वाळवतात, त्यातून डीएनए वेगळा काढतात आणि ठरावीक खुणांच्या साह्याने झाडाझाडांतील फरक मोजतात. आमरीच्या मांसल पानांत चिकट शर्करा भरपूर असल्याने शुद्ध डीएनए मिळवणे जरा जिकिरीचे जाते. गोव्यातील वेणीच्या समूहांवर आयएसएसआर आणि आरएपीडी या प्रकारच्या खुणा वापरून असा अभ्यास झालेला आहे. एक बारकावा मला फार उपयोगी वाटतो. हरितलवकातील डीएनए बहुतेक सपुष्प वनस्पतींत केवळ आईकडून येतो, तर केंद्रकातील डीएनए आई आणि बाप दोघांकडून. दोन्हींची तुलना केली तर दोन रानांमध्ये बीज प्रवास करते आहे की पराग, याचा अंदाज बांधता येतो. अर्थात उद्यानातून वनविभागाच्या परवानगीशिवाय पानाचा तुकडाही आणता येत नाही आणि तसा नियम असणे योग्यच आहे. हे काम संशोधन संस्थांनी रीतसर करावयाचे आहे.

आपण नागरिकांनी काय करावे हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेवाचूनही देता येते. काही दिवसांपूर्वी एका सोसायटीतील गृहस्थ मोठ्या आनंदाने मला म्हणाले, “सर, आमच्या आंब्यावरच्या वेणीला बोंड धरलंय. लॅबमध्ये दिलं तर हजार रोपं होतील म्हणे. पावसाळ्यात येऊरभर लावून टाकू!” मी त्यांना म्हटले, “अहो, हजार रोपं होतील हे खरं, पण ती सगळी एकाच आईबापाची भावंडं असतील. ती रानात भरली तर पुढे त्यांचं एकमेकांतच परागीभवन होत राहील.” त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच त्यांनी विचारले, “मग किती बोंडं घ्यायची?” हाच योग्य प्रश्न होता. एका बोंडाची हजार रोपे करण्यापेक्षा एकमेकांपासून दूर असलेल्या वीस-पंचवीस झाडांवरची एकेक बोंडे घेऊन प्रत्येकाची चाळीस-पन्नास रोपे करणे केव्हाही हिताचे. संख्या तितकीच राहते, पण वेगळेपण कितीतरी पटींनी वाढते. प्रत्येक झाडावरची सगळी बोंडे काढूही नयेत. उरलेली तेथेच उकलली पाहिजेत.

बाजारातील रोपवाटिकांत मिळणाऱ्या रंगीबेरंगी डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस आमरींबद्दल माझी काही तक्रार नाही. १९६० साली फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यांनी वाढत्या शेंड्याच्या पेशींपासून आमरीच्या प्रती काढण्याची पद्धत दाखवल्यापासून त्या सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या. त्या गॅलरीत शोभतात आणि त्यामुळे रानातील रोपांवरची मागणी काही अंशी कमी होते. परंतु त्या संकरित आणि एकाच रोपाच्या प्रती असतात. त्यांची जागा गॅलरीतच आहे, येऊरच्या ऐनावर नाही. तीच गोष्ट आंबोली किंवा महाबळेश्वरच्या सहलीवरून आणलेल्या रोपांची. तेथून रोप आणणे हे मुळात चुकीचेच, आणि ते आणून ठाण्याच्या झाडावर लावणे हे दुसरे चुकीचे. घाटमाथ्यावरच्या धुक्यात आणि प्रचंड पावसात पिढ्या काढलेल्या रोपाची फुलण्याची वेळ, उन्हाळा सोसण्याची ताकद आणि सोबतची बुरशी ही येथल्यापेक्षा निराळी असू शकतात. विविधता वाढवायची म्हणून दुरून काहीही आणून मिसळायचे नसते.

आमच्या ओळखीतील मंडळी सध्या जी नोंदवही ठेवतात, तिच्यात म्हणून मी काही रकाने वाढवून घेतले आहेत. पडलेल्या फांदीवरून रोप उचलले की मूळ झाड कोणते, ते कोठे होते, त्या झाडावर जमिनीपासून साधारण किती उंचीवर आमरी होती आणि एकाच झाडावरून किती गुच्छ उचलले, हे आता लिहिले जाते. एकाच फांदीवरचे गुच्छ नव्या झाडावर शेजारी शेजारी न बांधता वेगवेगळ्या झाडांवर, पण त्याच परिसरात, बांधले जातात, आणि प्रत्येक नव्या झाडावर निदान दोन-तीन निरनिराळ्या मूळ झाडांची रोपे येतील असे पाहिले जाते. ओळखपट्टी प्लास्टिकची असली तर उन्हाने तडकते, म्हणून ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर टोकदार खिळ्याने क्रमांक कोरून ती सैल तारेने अडकवणे बरे.

येत्या मेमध्ये वेणी फुलली की सोसायट्यांच्या आवारातील रोपांवर हाताने परागीभवन करावयाचे ठरले आहे. त्यासाठी नोंदवहीत वेगवेगळ्या मूळ झाडांची म्हणून लिहिलेली रोपेच एकमेकांशी जोडली जातील, एका फुलोऱ्यावर दोन-तीन फुलांपेक्षा अधिक फुलांना हात लावला जाणार नाही, आणि कोणत्या फुलाला कोणत्या रोपाचा पराग दिला हे फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधून दाखवले जाईल. घोडबंदर पट्ट्यात, वर्तकनगरात, कळव्यात किंवा नवी मुंबईच्या जुन्या गावठाणांत ज्यांच्या आवारातील आंब्या-जांभळांवर आमरी आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होण्याआधी त्या फांद्यांवर खूण करून ठेवावी, आणि फांदी तोडणे भागच पडले तर आमरी सोडवण्यापूर्वी झाडाचे नाव, ठिकाण आणि फांदीची उंची लिहून घ्यावी.